शेळी हॉलमध्ये येत नाही

काल सकाळी साडेसहाला खालच्या आळीत पाराजवळ अकरा बायका, तीन आज्या, दोन शाळकरी पोरं आणि चाळीसेक शेरडं जमली होती. साडेसहालाच का, तर आठला बायका सोयाबीनच्या खुरपणीला जातात आणि संध्याकाळी शेरडं चरून येतात तेव्हा चूल पेटलेली असते, मग कोण येणार. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी आम्ही असं जमतो. प्रत्येकीनं आपली शेळी गुडघ्यात धरायची, वरच्या पापणीवर अंगठा ठेवून डोळा हलकेच आत दाबायचा, दुसऱ्या अंगठ्यानं खालची पापणी खाली ओढायची आणि आतला रंग बघायचा. उजेडात बघायचा, गोठ्यातल्या अंधारात नाही.

याला फमाचा म्हणतात, पापणीच्या रंगावरून शेळीच्या पोटातल्या जंतांचा अंदाज घ्यायचा. दक्षिण आफ्रिकेत निघालेली पद्धत आहे, ती काढणाऱ्यांतले एक फाफा मालन नावाचे पशुवैद्यक, त्यांच्या नावातली आणि चार्ट या शब्दातली अक्षरं जोडून हे नाव झालंय. कार्डावर लाल ते पांढरा असे पाच रंग आणि १ ते ५ आकडे असतात. आकडे आमच्या बायकांच्या काही ध्यानात राहीनात, मग त्यांनीच नावं पाडली, कुंकू, डाळिंब, पेरू, भाकरी, कापूस. पेरू म्हणजे आतून गुलाबी निघतो तो. कुंकू आणि डाळिंब निघालं की औषध द्यायचं नाही, पेरू निघाला तर शेळी गाभण आहे का, अंगावर पिणारी पिल्लं आहेत का, दुबळी आहे का ते बघून ठरवायचं, भाकरी आणि कापूस निघाली की त्याच दिवशी जंताचं औषध, आणि कापूस असेल तर डॉक्टरांना फोन पण करायचा. काल सगळ्या मिळून सहा शेळ्यांना औषध पाजलं, बाकीच्यांना नाही.

हे "बाकीच्यांना नाही" समजावून सांगायला मला दोन पावसाळे लागले. कारण आपल्याकडं समज असा की बाटली आणलीय तर सगळ्यांना पाजा, उरवायची कशाला. आणि तीच बाटली, तेच औषध, दरवर्षी. पोटात रक्त पिणारा जो जंत असतो तो एक एक जंत दिवसाला थेंबभर रक्त पितो, हजार जंत असले तर दिवसाला ५० मिलीच्या आसपास रक्त गेलं, म्हणून पापणी पांढरी पडते आणि जबड्याखाली पाणी उतरल्यासारखी मऊ सूज येते. पण सगळ्या कळपाला सारखं सारखं औषध पाजलं की औषधाला न मरणारे तेवढे जंत मागं राहतात आणि पुढं त्यांचीच पैदास होते. हे मी किती वेळा सांगितलं पण बायकांच्या तोंडावर काही उमटायचं नाही, शेवटी एका वहिनीच म्हणाल्या, अहो ताई म्हणजे कपाशीवरच्या बोंडअळीसारखंच की, फवारून फवारून ती मरायचीच बंद झाली. झालं. तिथून पुढं मला काही समजवावंच लागलं नाही. आणि हो, पापणी बघून फक्त या रक्त पिणाऱ्या जंताचाच अंदाज येतो, बाकीच्या जंतांसाठी लेंड्या घेऊन दवाखान्यात तपासून आणाव्याच लागतात.

मी हे सगळं आज लिहायला बसले कारण या महिन्यात मला तीन वेगवेगळ्या माणसांनी विचारलं की ताई शेळीपालनाचं ट्रेनिंग कुठलं चांगलं, फी किती, सर्टिफिकेट मिळतं का. त्यांना एकेकाला सांगण्यापेक्षा इथं लिहिते, कारण मी पण तिथूनच सुरुवात केली होती आणि मला ते फार महागात पडलं.

माझं लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा सासूबाईंच्या तीन शेळ्या होत्या, काळ्या, लांब कानाच्या, उस्मानाबादी. (जिल्ह्याचं नाव आता धाराशिव झालं पण शेळी अजून उस्मानाबादीच आहे.) २०१६ ला बचत गटातून कर्ज मिळालं, मी ठरवलं सहा शेळ्या आणखी घ्यायच्या आणि नीट शिकून करायचं. शहरात एका संस्थेचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं, लेकराला आईकडं ठेवून गेले. हॉल मोठा, पंखे चालू, प्रोजेक्टर. पहिला दिवस शंभर शेळ्यांच्या शेडचा नकाशा, दुसरा दिवस प्रोजेक्ट रिपोर्ट आणि बँक, तिसऱ्या दिवशी आजार. चाळीस माणसांत आम्ही दोघीच बायका. तीन दिवसांत एका पण शेळीला कुणी हात लावला नाही, शेळी तिथं नव्हतीच. सर्टिफिकेट मिळालं, फोटो निघाला.

त्यानंतर बाजारातून सहा शेळ्या आणल्या आणि आणल्या तशा सासूबाईंच्या शेळ्यांशेजारी बांधल्या. आठव्या दिवशी एकीच्या नाकातून पाणी, मग डोळ्याला चिपडं, तोंडात पुळ्या, मग हगवण. पीपीआर, शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूचा साथीचा रोग. आपल्याकडं जुनी माणसं बुळकांडी म्हणतात. बारा दिवसांत नऊपैकी सहा गेल्या, त्यात सासूबाईंच्या दोन. त्या दोनमधली एक त्यांच्या माहेरून आलेल्या शेळीची नात होती. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत, नुसत्या रिकाम्या दाव्याकडं बघत बसायच्या, ते मला आजही सहन होत नाही.

पीपीआरची स्लाइड त्या हॉलमध्ये होती. मला ती नीट आठवते, विषाणूचं कुळ, इंग्रजीतलं लांबलचक नाव, मरतुकीची टक्केवारी. पण बाजारातून आणलेलं जनावर किमान तीन आठवडे वेगळं बांधायचं, त्याचं पाणी वेगळं, चारा वेगळा, आधी आपल्या जुन्या शेळ्यांचं सगळं उरकायचं आणि मग शेवटी नव्यांकडं जायचं, हे कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल तर अशा पद्धतीनं सांगितलं की माझ्यापर्यंत पोचलं नाही. माझ्या लेखी दोन्ही एकच. लस एक टोचली असती तर तीन वर्षं काळजी नव्हती. एवढ्या साध्या गोष्टीसाठी सहा जनावरं गेली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की चार-पाच शेळ्या असणाऱ्या माणसाचं शिक्षण तिच्या स्वतःच्या दावणीवर, तिच्याच शेळीला हात लावून, तिला जमेल त्या वेळेला झालं पाहिजे. आणि एकदा येऊन जायचं नाही, परत परत यायचं. मी "त्याचं" न म्हणता "तिचं" म्हणते कारण आमच्याकडं शेरडांचं सगळं बायकाच बघतात. पण हॉलमधल्या ट्रेनिंगला जातात पुरुष. सर्टिफिकेट नवऱ्याच्या नावावर आणि लेंड्या काढते बायको, मग शेळीला हगवण लागली तर ती कुणाला आधी कळणार?

२०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटीच्या वर शेळ्या मोजल्या गेल्यात. या एक कोटी काही मोठमोठ्या फार्मवर नाहीत. कुणाकडं दोन, कुणाकडं पाच, फार तर दहा-पंधरा, त्यात पण बरीचशी घरं बिनजमिनीची किंवा एकर दोन एकरवाली. पोराच्या फीला एक बोकड, आजारपणाला एक पाट म्हणजे तरुण शेळी, असा तो हिशोब असतो. राज्याच्या योजनेत दहा शेळ्या आणि एक बोकड मिळतात, ते ठीक आहे, त्याचा उपयोग झालेली घरं मी बघितलीत. पण केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात भांडवली अनुदान सुरूच होतं १०० शेळ्या आणि ५ बोकडांपासून, आणि वर ५०० अधिक २५ पर्यंत जातं. ज्यांना मोठा धंदा करायचाय त्यांनी तो जरूर करावा, माझा विरोध नाही. पण त्यामुळं झालंय असं की शिकवणारे सगळे त्या १०० शेळ्यांचंच शिकवायला लागले, शेड, मुरघास, बँक, मार्केटिंग. पाच शेळ्यावाल्या मावशीला ते ऐकून वाटतं की हे आपल्यासाठी नाही, आणि ती उठून घरी जाते. तिला जे हवंय ते पाच गोष्टींत मावतं आणि त्यातल्या चारांना पैसा लागत नाही.

त्यातली एक म्हणजे चीक, व्याल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध. यावर मी जीव तोडून बोलते म्हणून गावात मला चिकाची ताई म्हणतात. आमच्या भागात, आणि मी ऐकते तर खूप ठिकाणी, असा पक्का समज आहे की जार, म्हणजे वार, पडल्याशिवाय पिल्लाला पाजायचं नाही. शेळी व्याली रात्री नऊला, जार पडला पहाटे चारला, तोवर दोन करडं गोणपाटावर थरथरत उपाशी. त्यातलं दुबळं सकाळी गेलेलं असतं आणि सगळे म्हणतात नशीब, जुळ्यातलं एक राहत नाहीच. नशीब कसलं. करडाच्या अंगात जन्मताना रोगाशी लढायची ताकद नसतेच, ती चिकातून येते, आणि आतड्यातून ती रक्तात जायची वाट जन्मल्यापासून तासागणिक बंद होत जाते, दिवसभरात जवळजवळ बंदच होते. म्हणून अर्ध्या तासात, फार तर तासाभरात पहिला घोट पोटात गेला पाहिजे. अडीच किलोचं करडू असेल तर दिवसभरात पाव लिटर चीक, तीन-चार वेळा मिळून.

हे शास्त्र मी सांगून दमले पण जुन्या आज्या ऐकेनात, त्यांना भीती की चीक दिला तर शेळीचा जार अडकेल. मग आमच्या तालुक्याच्या डॉक्टरांनी मला एक गोष्ट सांगितली, पिल्लू सडाला लागलं की शेळीच्या अंगात जे द्रव्य सुटतं त्यानं पान्हा पण उतरतो आणि गर्भाशय पण आकसतं, म्हणजे जार सुटायला मदतच होते. मी ते बायकांना असं सांगायला लागले की पान्हा सुटला की जार पण सुटतो. हे त्यांना लगेच पटलं. कारण त्या स्वतः बाळंत झालेल्या आहेत, लेकरू अंगावर घेतलं की पोटात कळ येते हे त्यांना कुणी शिकवायची गरज नाही. मला सगळ्यात जास्त वाईट याचं वाटतं की हे ज्ञान त्यांच्या स्वतःच्या अंगातच होतं, फक्त कुणी शेळीशी जोडून दिलं नव्हतं. आता आमच्या वाडीत शेळी व्यायला आली की गरम फडकं, नाळेला लावायला टिंक्चर आयोडीन आणि स्वच्छ ब्लेड आधीच काढून ठेवलेलं असतं. गेल्या वर्षी एका घरी तिळं झालं आणि तिन्ही जगली, पाडव्याला त्या काकूंनी मला साडी नेसवली.

आज्यांचं निघालंच आहे तर हे पण सांगते. मी पशुसखी म्हणून, म्हणजे गावातल्या जनावरांच्या आरोग्याचं बघणारी बाई म्हणून, काम सुरू केलं तेव्हा पहिल्याच बैठकीत एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, "पोरी, आमच्या चार पिढ्या शेरडं राखण्यात गेल्या, तू काय शिकिवणार आमाला?" मी गप्प बसले, आणि नंतर त्यांच्याच घरी जायला लागले. कुठली शेळी माजावर आलीय ते त्या तिच्या नुसत्या शेपटीवरून सांगतात. मेलेल्या आईचं करडू दुसऱ्या शेळीला लावायचं असेल तर व्यालेल्या शेळीच्या वारेचं पाणी त्या करडाला चोळायचं, वरून मीठ लावायचं, ती चाटते आणि आपलं म्हणून घेते, हे मला त्यांनीच दाखवलं, कुठल्या हॉलमध्ये नाही. त्यांच्याकडून मी हे घेतलं आणि मगच त्यांना चिकाचं सांगायची माझी हिंमत झाली. जो शिकवायला येतो त्यानं आधी समोरच्याला काय येतं ते विचारायला पाहिजे. शेतीशाळा म्हणतात ना, १९८९ ला इंडोनेशियात भातावरच्या किडीसाठी सुरू झालेली ती पद्धत, शेतकऱ्यांनी आठवड्याला शेतातच जमायचं, स्वतः बघायचं, स्वतः ठरवायचं, शिकवणारा नुसता सोबतीला. मला ती कळली तेव्हा वाटलं अरे आम्ही तर पाराजवळ हेच करतोय.

मेंढरांचं थोडं वेगळं आहे. दिवाळीनंतर आमच्या शिवारात धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसकट फिरते तळ, उतरतात, शेतकरी रात्री रानात मेंढरं बसवून घेतात, लेंडीखताच्या बदल्यात धान्य नाहीतर पैसे. त्या बायका पहाटे उठून भाकऱ्या थापतात, कोकरं घोड्यावर घालतात, आणि दोनशे मेंढरांतलं कुठलं कोकरू कुणाचं ते आवाजावरून ओळखतात. एका वर्षी त्यांच्यातल्या एका वहिनींनी मला विचारलं की आमच्या मेंढ्या लोकर खातायत, माती चाटतायत, काही पावडर आहे का. माझ्याकडं गाईम्हशींची क्षार मिश्रणाची पुडकी होती, मी देणारच होते, पण आधी डॉक्टरांना फोन लावला म्हणून वाचले. मेंढीला तांबं सोसत नाही, गाईच्या मिश्रणात ते मेंढीच्या मानानं जास्त असतं, महिना दोन महिने चाटवलं तर लिव्हरमध्ये साठून मेंढ्या मरतात. मेंढीचं मिश्रण वेगळं मिळतं, तेच द्यायचं. शेळी आणि मेंढी एकाच रकान्यात लिहितात म्हणून दोघींना सगळं सारखं चालतं असं नाही, हे मी तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी सांगते. आणि फिरत्या वाड्याला दवाखाना कुठला, गाव रोज बदलतं, त्यांच्यासाठी शिकवणाऱ्यानंच वाड्यावर गेलं पाहिजे. १९६२ नंबरला फोन केला तर फिरता दवाखाना येतो हे कितीतरी वाड्यांना माहीत नव्हतं, आम्ही तो नंबर कोळशानं त्यांच्या पेटीवर लिहून दिला.

आता लसीचं. लस फुकट आहे, दवाखान्यात आहे, मग शेळ्या मरतात का? कारण एका बाटलीत बऱ्याचदा १०० डोस असतात आणि पीपीआरची बाटली एकदा पाण्यात मिसळली की बर्फावर ठेवून काही तासांत संपवावी लागते. पाच शेळ्या घेऊन एकटी बाई दवाखान्यात गेली तर डॉक्टर पाचांसाठी बाटली फोडणार कशी, ते पण त्यांच्या जागी बरोबर आहेत. म्हणून आम्ही वही केली, आळीआळीनं कुणाकडं किती शेळ्या, कुठली लस कधी दिली, कोण किती महिन्यांची गाभण, आणि शंभराच्या आसपास आकडा झाला की एकच दिवस ठरवायचा आणि डॉक्टरांना गावात बोलवायचं, बर्फाचा डबा आमच्याकडून. आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष होऊन अचानक मारणाऱ्या आजाराची, लस मे महिन्यात, पावसाच्या आधी, कारण पहिल्या पावसावर कोवळं गवत उगवलं आणि शेरडं त्यावर तुटून पडली की हा आजार येतो. आणि तो रोडक्याला नाही धरत, जे सगळ्यात गुबगुबीत करडू असतं, संध्याकाळी उड्या मारत होतं, तेच सकाळी मेलेलं सापडतं. लोक म्हणतात दृष्ट लागली. चांगलं करडू मेलं की दृष्ट आठवते, पण त्या वहीतलं पान उघडून बघितलं तर त्या घरची लस राहिलेली असते.

लग्नसराईत आणखी एक. मांडवातलं उरलेलं, भात, बुंदी, चपात्या, शेळीला माया म्हणून टोपलंभर घालतात. किंवा मळणीच्या खळ्यावर सुटलेली शेळी पोटभर ज्वारी-गहू खाते. पोटात आंबतं, शेळी दात खाते, पाय झाडते, आणि दोन दिवसांत खलास. मायेनं मारलेली शेळी मी दरवर्षी एक तरी बघते. घालायचं तर मूठभर, त्यापुढं नाही.

औषध पाजताना शेळीचं तोंड आभाळाकडं करू नका हे पण इथंच सांगते, तोंड सरळ, जिभेच्या बाजूनं, हळू. वर केलं की औषध फुप्फुसात जातं. आणि जंताचं अल्बेंडाझोल पहिल्या महिन्यातल्या गाभण शेळीला देऊ नका, पोटातलं पिल्लू बिघडतं. म्हणून फळल्याची तारीख लिहायची, पाच महिने पुढं मोजले की व्यायची तारीख निघते, हे तर पोरं पण कॅलेंडरवर करतात.

पैशाचं सांगते, कारण बायकांचे चेहरे सगळ्यात जास्त याच दिवशी खुलले. व्यापारी येतो, बोकडाच्या कंबरेवर हात ठेवतो आणि उक्ता भाव बोलतो. त्याला वजन कळतं, आपल्याला कळत नाही, सगळा खेळ तिथंच. मी शिंप्याची टेप घेऊन गेले. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचात, घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, आलं वजन किलोत. घेर २८ आणि लांबी २६ असेल तर जवळजवळ ३१ किलो. अंदाजच आहे, दोन-तीन किलो इकडं तिकडं होतं, पण उक्त्यापेक्षा लाख पटीनं बरं. नंतर गटानं टांगता काटा घेतला आणि त्याला लावायला गोधडीची झोळी शिवली. बकरी ईदच्या आधी एका आत्यांच्या बोकडाला व्यापारी नऊ हजार म्हणत होता, आम्ही झोळीत घातला, ३४ किलो भरला, त्या आठवड्यात बाजारात जिवंत वजनाला किलोला चारशेच्या आसपास चाललं होतं. आत्यांनी काही वाद घातला नाही, नुसता काट्याकडं हात केला. तेरा हजाराला गेला. त्या पैशातनं त्यांनी आधी मोरीवर पत्रे टाकले.

पण याच ईदेमुळं आमची एक मोठी चूक होतेय आणि ती अजून सुटलेली नाही. सगळ्यात भारी, लवकर वाढणारा, जुळ्यातला बोकड असतो तोच बाजारात जातो कारण त्यालाच भाव. मागं राहतो रोडका, आणि मग त्याच्यावरच गावातल्या सगळ्या शेळ्या फळतात. वर तो चार-चार वर्षं तोच, म्हणजे लेकी पण त्याच्यावरच. तीन-चार पिढ्यांत करडं लहान निघायला लागतात, जुळं कमी होतं, आणि आपण म्हणतो आपली जातच खालावली, बाहेरनं बोअर आणा, बीटल आणा, लाखाचा बोकड आणा. उस्मानाबादीसारखी दोन वर्षांत तीन वेतं देणारी शेळी आपल्या दारात असताना! आधी तिचा बोकड तर नीट निवडा.

फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेनं मेंढीत जे काम केलंय ते मला यासाठी फार मोलाचं वाटतं. सुंदरबनातली गरोळ नावाची इवलीशी मेंढी असते, तिच्यात जास्त कोकरं देणारा एक जनुक आहे, तो त्यांनी आपल्या दख्खनी मेंढीत पिढ्यान् पिढ्या संकर करत आणला आणि नारी सुवर्णा तयार केली. म्हणजे जुळं होणारी दख्खनी. पण त्यात पण गोष्ट तिथंच येते, जुळं झालं की आईला खुराक जास्त लागतो, गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात रोज पाव किलो तरी भरडा, दुबळ्या कोकराला हातानं चीक. हे ज्याला येतं त्याच्याकडं दोन कोकरं जगतात, नाही येत त्याच्याकडं दोन्ही जातात आणि कधी कधी मेंढी पण. जनुक आणून देता येतो, पण रात्री दोनला उठून कोकरू सडाला लावायचं काम घरच्या बाईलाच करावं लागतं, आणि तिच्यापर्यंत कुणीतरी जावं लागतं.

तर ज्यांनी ट्रेनिंगचं विचारलं त्यांना, जायचं तर जा, पण जिथं शेळीला हात लावायला देतात तिथंच जा. कृषी विज्ञान केंद्रात विचारा, तुमच्या गावात पशुसखी असेल तर तिच्यामागं पंधरा दिवस फिरा, आणि घरातून बायको, आई, बहीण जी शेळ्या बघते तिला सोबत न्या. शक्य असेल तर तिलाच पाठवा आणि स्वतः घरी लेकरं सांभाळा.

आणि आमचं एक काम आहे. बोकड बदलीचं. आमच्या गटाचा उस्मानाबादी बोकड दोन वर्षं वापरून झाला, आता त्याच्या पाटी फळायला येतील म्हणून त्याला गावात ठेवता येत नाही, आणि कापायला द्यायची कुणाची इच्छा नाही कारण बोकड खरंच गुणी आहे. पूर्ण काळा, सहा दाती, जुळ्यातला, त्याच्या आईनं तीन वेतांत सहा करडं दिली आणि सहाही जगली, वहीत लिहिलेलं आहे. भूम, परंडा, लोहारा, औसा, निलंगा, कुठल्याही गावात गटाकडं असाच वंशाची नोंद असलेला बोकड असेल आणि त्यांना पण बदलायचा असेल तर कळवा. पैसे नकोत, बोकडाला बोकड. दोन्हीकडची ब्रुसेलाची, म्हणजे गाभ पाडणाऱ्या रोगाची, रक्ततपासणी आधी करायची, पीपीआरची लस झालेली असली पाहिजे, आणि आल्यावर एकवीस दिवस आम्ही त्याला वेगळा बांधणार, शाळेच्या मागं सासूबाईंनी त्यासाठी जागा झाडून ठेवलीय.